उघड्या ढाप्यात पाय गेला तर: कोर्टात दावा की समितीकडे अर्ज?

या जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेतून परतताना आईचा पाय फुटपाथवरच्या उघड्या ढाप्यात, म्हणजे गटारावरची झाकणाची फरशी नसलेल्या जागेत गेला. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. भरपाई मागायची हे त्याच रात्री ठरलं, पण कुठे मागायची हे ठरवायला तीन आठवडे गेले.

ग्राहक आयोगाचा विचार मी लवकर सोडला. नुसता कर भरणारा ग्राहक होत नाही, हा बचाव समोरून येणारच. उरले दोन मार्ग: दिवाणी दावा, नाहीतर खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींना भरपाई देण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिलेल्या आदेशातली समिती.

दाव्याला रकमेची मर्यादा नाही, हे त्याचं मोठं बळ. बुडालेली मजुरी, पुढचे उपचार, सगळं मागता येतं. यंत्रमागावरच्या माणसाचा हात कायमचा अधू झाला असेल, तर दाव्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण महापालिकेवर दावा करायचा तर 1949 च्या महानगरपालिका अधिनियमातलं कलम 487 आडवं येतं: आधी एक महिन्याची लेखी नोटीस आणि घटनेपासून सहा महिन्यांत दावा. निकालही दोन्ही बाजूंनी आहेत. राजकोटमध्ये चालत कामावर निघालेला माणूस झाड पडून गेला. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरलं नाही. दिल्लीत स्कूटरवाल्यावर फांदी पडली, तिथे 1999 मध्ये धरलं.

मला नडलं ते वेगळंच. आठव्या दिवशी तिथे गेलो तर ढाप्यावर नवी फरशी, कडेचं सिमेंट अजून ओलं. पुढचा कुणी पडणार नाही, हे चांगलंच झालं. पण माझा पुरावा गेला. ढापा केबलवाल्यांनी उचलला होता की आधीच फुटला होता, कुणी सांगेना. समोरचा पानवाला आईला उचलायला धावला होता. साक्षीचं विचारलं तर म्हणाला, "मालक, आपल्याला कोर्टबिर्ट नको." केसपेपरवर नुसतं 'पडल्याने दुखापत', कुठे पडल्या, ते नाही. एवढ्यावर सत्तरीच्या आईला उलटतपासणीला उभं करायला माझं मन धजेना.

समितीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. जखमीला दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख, मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख. अर्जानंतर सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 9 टक्के व्याज. आदेशात शब्द खड्डे आणि उघडी मॅनहोल असे आहेत, त्यामुळे नुसती हलती फरशी असेल तर वाद निघू शकतो. आमचा ढापा उघडाच होता.

शिवाय ही रक्कम इतर कायदेशीर उपायांखेरीज आहे. अर्ज केला म्हणून दाव्याचं दार बंद होत नाही. म्हणून मी आधी समितीकडे गेलो आणि कलम 487 ची नोटीसही पाठवून ठेवली. तुमची दुखापत किती मोठी आहे त्यावर बरंच अवलंबून आहे, पण हाडं जुळून येणार असतील तर मी तरी हाच क्रम सुचवेन. जखमी बाईमाणूस असेल, तर प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

त्या रात्री मोबाईलवर एकच फोटो काढला होता: ढाप्याच्या कडेला अडकलेली आईची चप्पल आणि मागे दुकानाची पाटी. अर्जाला तोच जोडलाय.