चेक बँकेत टाकू नका म्हणाला, आणि मी ऐकलं

मी सोलापुरात घरी युनिफॉर्म शिवते. आई बिड्या वळायची, त्यामुळे बिडी कामगार बायकांच्या मोर्चात पूनम गेटवर लहानपणापासून बसलेली आहे. मोर्चाला खर्च कसला? सतरंजी, चहा आणि घसा. मग आम्हा बायकांच्या समितीने परिषद भरवायची ठरवलं. परिषदेला मात्र पैसा लागतो, आणि तिथेच मी गोत्यात आले.

तारीख ठरली 12 जानेवारी. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चौघांना 1931 साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिली, म्हणून. एक म्हाताऱ्या अक्का म्हणाल्या, "संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर कसली परिषद गं? मंडप तरी मिळेल का?" मंडप मिळाला, पण भाव चढलेला आणि अ‍ॅडव्हान्स रोख.

पुण्याहून एक 'समन्वयक' यायचे. नाव लिहीत नाही. खादीचा झब्बा, बोलणं गोड, प्रत्येक बाईला ताई. म्हणाले, एका संस्थेकडून अनुदान मंजूर झालंय, फक्त पैसे नंतर येतात. तोवर स्थानिक माणसाच्या नावाने बुकिंग करा. मंडप 38 हजार, साउंड 9, दोनशे ताटं 80 रुपयांनी म्हणजे 16, बॅनर-पत्रकं 7. झाले 70 हजार. ऑर्डर माझ्या नावाने, पोलिसांकडे लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज माझ्या सहीने, हमीपत्रही माझंच. मला तर उलट अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू! भिशी मुदतीआधी उचलली आणि 25 हजार अ‍ॅडव्हान्स वाटून टाकला.

बदल्यात त्यांनी 70 हजारांचा चेक दिला, 15 जानेवारीची तारीख घालून. "ताई, मी सांगेपर्यंत टाकू नका हं. खात्यात अनुदान आलं की कळवतो."

परिषद झकास झाली. बायका शेंगाचटणी-भाकरीवर तुटून पडल्या, भाषणं तेलुगूत झाली, मराठीत झाली. बॅनरवर 'मदतीसाठी स्कॅन करा' म्हणून कोड छापला होता. फाइल त्यांनीच प्रेसला पाठवली होती. दिवसाला हजार बिड्या वळणाऱ्या बायकांनी पोरांच्या मोबाइलवरून कुणी 50, कुणी 100 टाकले. जेवणाच्या रांगेत कॉलेजातल्या एका पोरीने मला गाठलं. "मावशी, पैसे टाकताना नाव कुठल्या तरी ट्रेडर्सचं येतंय." माझ्या हातात भाकरीची टोपली. म्हटलं, असेल गं संस्थेचंच काहीतरी. पिन टाकायच्या आधी पडद्यावर येणारं नाव हा एवढा एकच पुरावा समोर होता, आणि तो मी टोपलीच्या घाईत सोडला. बॅनर छापून आल्या आल्या स्वतः एक रुपया टाकून बघितला असता तरी कळलं असतं. किती जमले ते आजही माहीत नाही, खातं त्यांचं.

मग सुरू झालं 'थांबा'. फेब्रुवारीत फाइल अडकली, मार्चमध्ये वर्षअखेर आली. फोन कायम व्हॉट्सअ‍ॅपवरूनच. लिहिलेलं काही मागितलं की "चळवळीत हिशोब नसतो मागायचा ताई, विश्वास असतो." (हे वाक्य जो म्हणेल त्याला आता मी चहासुद्धा देत नाही.) आमच्या चॅटवर आपोआप पुसले जाणारे मेसेज त्यांनी सुरू करून ठेवले होते, हे पोराने दाखवलं तेव्हा मागे काहीच उरलं नव्हतं.

20 एप्रिलला चेक घेऊन बँकेत गेले. खिडकीवरच्या बाईंनी तारीख पाहिली. "मुदत संपली की ओ." चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. ज्या माणसाने मला थांबवून ठेवलं त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

वकिलांनी कपाळाला हात लावला. चेक मुदतीत टाकला असता आणि परत आला असता तर चेक न वटल्याबद्दलचं कलम 138 होतं: बँकेचा कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, पैसे द्यायला समोरच्याला 15 दिवस, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. टाकलाच नाही, तर परत येणार कसा? आता उरला दिवाणी दावा, तोही तीन वर्षांच्या आत. पोलीस ठाण्यातही 'ही दिवाणी बाब' म्हणून वाटेला लावलं.

मंडपवाला सरळ माणूस. "ताई, समिती-बिमिती मला माहीत नाही. ऑर्डर तुम्ही दिली." खरंच होतं. आमची समिती कुठे नोंदलेलीच नव्हती. पत्रकावर नावं अकरा, पावतीवर एक. समितीतल्या बायकांनी 8 हजार गोळा केले, बाकी मी महिन्याला 3 हजारांनी फेडतेय.

यंदा परिषदेऐवजी साधी सभाच घेतली. दोघींच्या नावाचं जॉइंट खातं, दोघींच्या सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत. कोड त्याच खात्याचा, छापण्याआधी तिघींनी स्कॅन केलेला. साउंडच्या ऑर्डरवर पाच सह्या. साउंडवाला हसला, हसू दे.

परवा एक अक्का ब्लाउज टाकायला आल्या. माप घेताना म्हणाल्या, "त्या स्कॅनरवर टाकलेले आमचे शंभर रुपये जमा झाले होते ना गं?" मी टेप खाली ठेवली आणि खरं ते सांगितलं. त्यांनी कापड घडी घालून पिशवीत ठेवलं आणि माप न देताच गेल्या.