'लाइव्ह लॅब' म्हणून फुकटची मशीन विकली

एथिकल हॅकिंगच्या (परवानगी घेऊन सिस्टिममधली भोकं शोधण्याच्या) कोर्सला पैसे भरायच्या बेतात असाल तर जरा थांबा. मी भरले, आणि ते बुडाले.

जाहिरातीत होतं, 'खऱ्या कंपनीच्या नेटवर्कसारखी लाइव्ह लॅब, सगळं हाताने करून शिका'. नुसते व्हिडिओ बघून कंटाळलो होतो, त्यामुळे भुललो. फी पूर्ण, तीही आगाऊ.

पहिला आठवडा मजेत गेला. एनमॅप या टूलने मशीनची कुठली पोर्ट, म्हणजे नेटवर्कची दारं, उघडी आहेत ते स्कॅन केलं; २१ नंबरच्या पोर्टवर व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा फाइल पाठवायचा (एफटीपी) सर्व्हर दिसला. सर म्हणाले, युजरनेमच्या शेवटी हसरा चेहरा टाका, म्हणजे कोलन आणि कंस. पासवर्ड काहीही द्या. ६२०० नंबरचं पोर्ट उघडलं आणि मी थेट रूट, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार माझे! दोन दिवस हवेत होतो.

पुढच्या रविवारी चाळा म्हणून 'यूनेम' ही सिस्टिमची माहिती दाखवणारी कमांड चालवली. मशीनचं नाव त्यांनी बदललं होतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) मात्र तसाच: २.६.२४, एप्रिल २००८ मध्ये बनलेला. कुठली कंपनी आज यावर सर्व्हर चालवेल? थोडं शोधल्यावर उलगडा झाला. ही मेटास्प्लॉइटेबल २, सरावासाठी मुद्दाम भोकं ठेवलेली, कुणालाही फुकट डाउनलोड करता येणारी मशीन. तिचं लॉगिन आणि पासवर्ड दोन्ही 'एमएसएफअ‍ॅडमिन'. टाकून पाहिलं, आत गेलो. एफटीपीतलं ते हसऱ्या चेहऱ्याने उघडणारं चोरदारही २०११ सालीच उघडकीला आलेलं.

मशीन उत्तमच आहे, शिकवायला वापरली यात काही गैर नाही. पण ती 'आमच्या तज्ज्ञांनी उभारलेली' म्हणून गळ्यात मारली. शिवाय अर्धा कोर्स नेटवर्क डिफेन्सचा, आणि त्यात एकही लॉग (मशीनवर काय काय घडलं त्याची नोंद) उघडून दाखवला नाही. मीच केलेला हल्ला बचाव करणाऱ्याला कसा दिसतो, ६२०० वर येणारं कनेक्शन फायरवॉलने कसं अडवायचं, असं विचारलं तर उत्तर, "ते अ‍ॅडव्हान्स बॅचला." तिची फी वेगळी.

पैसे गेले ते गेले, पण शेवटच्या असाइनमेंटने अंगावर काटा आला. बाहेरचा एक आयपी पत्ता दिला. "आपला क्लायंटच आहे, बिनधास्त स्कॅन करा." मालकाची लेखी परवानगी, त्यात कुठले पत्ते आणि कुठल्या तारखा, हे हातात नसेल तर आधी अडकतो तो स्कॅन करणारा. मी पत्र मागितलं. आधी "विश्वास ठेवा", मग गप्प, मग ग्रुपमधून बाहेर. रिफंडसाठी तीन मेल केले, एकालाही उत्तर नाही.

तेव्हा पैसे देण्याआधी लॅबमध्ये कुठली मशीन आहे ते नावानिशी विचारा, आणि डेमोत हल्ला दाखवला की त्याच हल्ल्याचा लॉगही मागा. टाळाटाळ झाली तर उठा.

मी आता व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) काली, म्हणजे हॅकिंगच्या टूल्सचं लिनक्स, आणि तीच मेटास्प्लॉइटेबल चालवतो, दोन्ही होस्ट-ओन्ली, म्हणजे बाहेरच्या जगापासून तोडलेल्या नेटवर्कवर. ब्रिज्डवर, म्हणजे थेट तुमच्या नेटवर्कला जोडून, चुकूनही टाकू नका, नाहीतर ते भगदाड तुमच्या नेटवर्कलाच पडेल. काल तोच हल्ला पुन्हा केला, या वेळी नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं वायरशार्क चालू ठेवून. एफटीपी काहीच झाकत नाही. तो कोलन आणि कंस पॅकेटमध्ये जसाच्या तसा दिसला.