गुलाबी डबी उलटी करून बघा : बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गांजाच्या मालाचं परीक्षण

कॅनडात आणि अमेरिकेच्या ज्या राज्यांत गांजा दुकानात रीतसर मिळतो, तिथे काउंटरवर वीस-बावीस टक्के टीएचसीच्या (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) कळ्यांच्या बरण्या असतातच. त्यांच्या शेजारी आता दुसराही माल मांडलेला दिसतो : पेपरमिंटच्या डबीएवढी टिनची डबी, ड्रॉपरची बाटली, दोन मिलिग्रॅमचं फसफसतं पेय, वासाचा बाम. अमेरिकन राज्यांत यातल्या निम्म्या गोष्टी फिकट गुलाबी नाहीतर पिस्ता रंगाच्या असतात. गिऱ्हाईक कोण, हे वेगळं सांगायला नको.

हा माल उगाच आलेला नाही. मिशिगन विद्यापीठाच्या 'मॉनिटरिंग द फ्युचर' या पाहणीत २०२३ साली पहिल्यांदाच १९ ते ३० वयाच्या अमेरिकन बायका पुरुषांच्या पुढे गेल्या. मागच्या वर्षभरात गांजा घेतल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात जास्त निघालं. ३५ ते ५० या वयात मात्र अजून पुरुषच पुढे आहेत.

या गिऱ्हाइकाने बाजाराला लावलेलं सगळ्यात चांगलं वळण म्हणजे छोटा, मोजलेला डोस. बाकी बरंचसं वेष्टन आहे. कॅनडात हे चटकन कळतं, कारण तिथे पाकिटाच्या सजावटीला कायद्याने जवळपास वावच ठेवलेला नाही. लाल टीएचसी चिन्ह, पिवळ्या चौकटीतला इशारा आणि आकडे, संपलं. तिथली बाई आकडे वाचूनच माल घेते. अमेरिकेतही तसंच करावं. डबी हातात घेतली की आधी उलटी करायची.

सुरुवात मिंट आणि गमीपासून, म्हणजे टीएचसी घातलेल्या पेपरमिंटच्या आणि जेलीसारख्या चघळायच्या गोळ्यांपासून, कारण या मालातली सगळ्यात कामाची वस्तू हीच. मागच्या बाजूला दोन आकडे असतात : एका नगात किती आणि अख्ख्या पाकिटात किती. कॅलिफोर्नियात खाण्याच्या मालात एका नगाला १० मिलिग्रॅम आणि पाकिटाला १०० मिलिग्रॅम टीएचसी ही मर्यादा आहे, कॅनडात अख्ख्या पाकिटालाच १० मिलिग्रॅमची. घोटाळा इथे होतो. कॅनडात सवय झालेली बाई 'पाकीट म्हणजे १०' हे डोक्यात ठेवून अमेरिकन डबीतली एक गमी तोंडात टाकते आणि पाकीटभर डोस एका घासात घेऊन बसते. नवखीने सुरुवात २.५ मिलिग्रॅमपासून करावी. २ किंवा २.५ मिलिग्रॅमची अख्खी मिंट मिळत असेल तर १० ची गमी सुरीने चौथाई करण्याच्या फंदात पडू नये. एका पाकिटातल्या गमींतसुद्धा थोडा फरक असतो, आणि एकाच गमीच्या चार तुकड्यांत सारखं टीएचसी येईलच असं नाही. गाडीत वितळून एकमेकींना चिकटलेल्या गमी तर डोस मोजण्यासाठी बादच धराव्यात.

छोट्या डोसाचा आग्रह नाजूकपणाच्या कल्पनेतून आलेला नाही. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात २०१७ साली झालेल्या प्रयोगात ७.५ मिलिग्रॅम टीएचसी घेतलेल्यांना भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगी कमी त्रास झाला. १२.५ मिलिग्रॅम घेतलेल्यांची बेचैनी उलट वाढली. म्हणजे 'रिलॅक्स' लिहिलेली डबी एका गमीने रिलॅक्स करते आणि दोन गमींनी छातीत धडधड आणते, असं सहज होऊ शकतं. मादी उंदरांवरच्या प्रयोगांत टीएचसीचा वेदनाशामक परिणाम नरांपेक्षा जास्त दिसतो आणि त्यात इस्ट्रोजेनचा हात असतो. माणसांत चित्र इतकं सरळ नाही. पण एक गोष्ट बऱ्याच अभ्यासांत पुन्हा पुन्हा आली आहे : पहिल्या वापरापासून व्यसनापर्यंतचं अंतर बायका पुरुषांपेक्षा लवकर कापतात. डबीवर हे कुठेच छापलेलं नसतं.

खाल्लेलं टीएचसी यकृतातून जाताना त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं. ते मेंदूत सहज पोचतं आणि जोरकस असतं. परिणाम सुरू व्हायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. सगळ्यात मोठी चूक पाऊण तासाने होते. 'काहीच होत नाहीये' म्हणून दुसरी गमी खाल्ली जाते आणि दोन्ही एकदम चढतात. दोन तास घड्याळ लावून थांबायचं, आणि पहिल्या दिवशी दुसरी घ्यायचीच नाही. तुपकट जेवणावर घेतलं की हिशोब आणखी बदलतो. सीबीडी म्हणजे गांजातलंच, पण नशा न आणणारं द्रव्य; त्याचं औषध म्हणून मान्यता मिळालेल्या एपिडायोलेक्सच्या माहितीपत्रातच आहे की भरपूर चरबीच्या जेवणासोबत रक्तात पोचणारं एकूण सीबीडी सुमारे ४ पट होतं. त्यामुळे रिकाम्या पोटी की जेवणानंतर, हे एकदा ठरवावं आणि दर वेळी तसंच करावं.

आता 'एकास एक' गमी : ५ मिलिग्रॅम टीएचसी, ५ मिलिग्रॅम सीबीडी. 'सीबीडीमुळे टीएचसीची धार कमी होते, म्हणून बायकांना हे सोयीचं,' असं काउंटरवर सर्रास सांगतात. खाण्याच्या मालाबाबत हे बिनदिक्कत मानू नका. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०२३ साली २० मिलिग्रॅम टीएचसीसोबत ६४० मिलिग्रॅम सीबीडी ब्राउनीतून दिलं, तेव्हा परिणाम कमी होण्याऐवजी चढला, कारण सीबीडीने यकृतात टीएचसीचा निचरा अडवला. गमीत सीबीडी याच्या शंभराव्या हिश्शाएवढंही नसतं, त्यामुळे ५ मिलिग्रॅमने असा दणका बसेल असं नाही. पण ते ब्रेकचं काम करील या भरवशावर टीएचसी वाढवायचं नाही. झोपेसाठी सीबीएन घातलेल्या महागड्या गमींबद्दल एवढंच : सीबीएन म्हणजे जुनं होऊन बदललेलं टीएचसी, आणि झोपेबद्दलचा पुरावा दावा करतात त्या मानाने फार पातळ.

ड्रॉपरची बाटली ही या मालातली सगळ्यात प्रामाणिक वस्तू, फक्त हिशोब स्वतः करावा लागतो. ३० मिलीच्या बाटलीवर ३०० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर १ मिलीत १०, आणि ड्रॉपरच्या ०.२५ च्या रेघेपर्यंत २.५. मात्र 'एक ड्रॉपर' हे माप नव्हे. रबरी फुगा एकदा दाबून सोडला की नळी बऱ्याचदा निम्मी-पाऊणच भरते, आणि मधे हवेचा बुडबुडा असला तर रेघ खोटी ठरते. नळी उजेडात डोळ्यांच्या पातळीला धरायची, बुडबुडा असेल तर तेल परत सोडून पुन्हा ओढायचं. बाटली आधी हलवून घ्यायची. तेल जिभेखाली किमान एक मिनिट धरायचं, मधे बोलायचं नाही. तरीही त्यातलं बरंच पोटातच जातं, म्हणून 'पंधरा मिनिटांत असर' हे अर्धसत्य आहे. थोडं लवकर, उरलेलं गमीसारखं उशिरा. अल्कोहोलचं टिंक्चर जिभेला झोंबतं, एमसीटी तेलाचं (बहुधा खोबरेल तेलापासून काढलेलं) झोंबत नाही. नुसत्या सीबीडीची बाटली ऑनलाइन मागवणार असाल तर त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल उघडता आल्याशिवाय पैसे देऊ नका. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांपैकी फक्त २६ चं लेबल बरोबर निघालं होतं, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं होतं. अहवालावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. कीटकनाशकं, जड धातू, उरलेले सॉल्व्हंट आणि बुरशी या चारही तपासण्या असाव्यात. नुसतं टीएचसी-सीबीडी मोजलेला एकपानी कागद हा अर्धा अहवाल.

पेयांचा मुख्य फायदा म्हणजे वेग. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचे अतिसूक्ष्म थेंब करून मिसळतात आणि परिणाम गमीपेक्षा बराच लवकर जाणवतो. दारूच्या ग्लासाऐवजी हातात धरायला काहीतरी हवं असलेल्या बायकांचा हा आवडता प्रकार, आणि २ ते ५ मिलिग्रॅमच्या मापात तो चांगलाही आहे. उणीव कॅनमध्ये आहे. अॅल्युमिनियमला आतून जो प्लॅस्टिकचा लेप असतो तो टीएचसी शोषतो, आणि महिनोन्‌महिने पडलेल्या कॅनमध्ये लेबलपेक्षा कमी उरतं. भरल्याची तारीख बघून ताजा कॅन घ्यावा. दारूसोबत पिऊ नये, दोन्ही एकमेकांना चढवतात.

बाम आणि मलमांकडून माफक अपेक्षा ठेवा. टीएचसी तेलात विरघळणारं असतं, ते कातडीच्या वरच्या थरात अडकून राहतं. साध्या बामाने नशा येत नाही, आणि खोल स्नायूपर्यंत फारसं काही पोचतही नाही. पाठीला बरं वाटतं त्यात मेंथॉल, कापूर आणि चोळण्याचा वाटा मोठा. कातडीवर चिकटवायचा पॅच ही वेगळी गोष्ट आहे. त्यात कातडी ओलांडायला मदत करणारी द्रव्यं असतात आणि औषध रक्तात जातं. दोन्ही एकाच कप्प्यात ठेवतात, तेवढं लेबल वाचा.

पाळीच्या दुखण्यावरचा माल हा सगळ्यात मोठ्याने विकला जातो. २०१६ साली अमेरिकन अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांनी 'व्हूपी अँड माया' हा खास यासाठीचा ब्रँड कॅलिफोर्नियात आणला. टिंक्चर, चोळण्याचा बाम, अंघोळीच्या पाण्यात घालायचं मीठ असा माल होता, आणि २०२० मध्ये तो बंद झाला. विक्रेत्यांची लाडकी गोष्ट म्हणजे राणी व्हिक्टोरिया पाळीच्या दुखण्यावर गांजा घ्यायची. तिचे डॉक्टर रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गांजाच्या औषधी वापरावर लिहिलं, हे खरं. राणीला दिला याचा पुरावा नाही.

या कप्प्यातली योनीत ठेवायची सपोझिटरी बहुधा कोकोआ बटरची असते. ते शरीराच्या उष्णतेला वितळतं, म्हणून गोळी फ्रिजमध्ये ठेवावी लागते. एकदा उन्हात मऊ होऊन पुन्हा गोठलेली गोळी टाकून द्यावी. झोपताना, आडवं होऊन ठेवायची, पंधरा-वीस मिनिटं उठायचं नाही, पॅड लावायचं. नाहीतर अर्धी गोळी कपड्यांवर. दुखणं थांबतं असं पक्क्या चाचण्यांनी दाखवलेलं नाही, आणि 'नशा अजिबात येत नाही' या आश्वासनावर विसंबून गाडी चालवू नये. एक गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरात असते, ती मोठ्या अक्षरात हवी : तेल आणि कोकोआ बटर लेटेक्सचा कंडोम आणि डायफ्रॅम (योनीत बसवायची गर्भनिरोधक टोपी) कमकुवत करतात. जवळीक वाढवणाऱ्या तेलांनाही हेच लागू. आणि दर महिन्याला वाढत जाणारं दुखणं हे एंडोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतं. त्यासाठी बडटेंडर (गांजाच्या दुकानातला विक्रेता) नको, स्त्रीरोगतज्ज्ञ हवी.

लिपस्टिकसारखं व्हेप पेन घेऊ नका. घ्यायचंच असेल तर परवानाधारक दुकानाबाहेरून कधीच नाही. २०१९ साली अमेरिकेत व्हिटॅमिन ई अॅसिटेट मिसळलेल्या व्हेप पेनच्या काडतुसांनी (तेल भरलेल्या नळ्यांनी) फुप्फुसं निकामी केली. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यू नोंदले गेले.

गरोदरपणातल्या मळमळीवर उपाय म्हणून गांजा सुचवणारा विक्रेता भेटला तर त्या दुकानात परत जाऊ नये. टीएचसी वारेतून गर्भापर्यंत जातं, आणि आईच्या दुधात शेवटच्या वापरानंतर सहा दिवसांपर्यंत सापडलेलं आहे. एकदा पंप करून दूध टाकून दिल्याने ते निघत नाही, कारण ते शरीरातल्या चरबीतून हळूहळू सुटत राहतं. नैराश्यावर सिटालोप्राम घेत असाल तर सीबीडीने रक्तातली त्याची पातळी वाढते. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही घेऊ नये.

शेवटची तक्रार त्या सुंदर टिनच्या डबीबद्दलच. लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून तिला कडेने दाबून सरकवायचं झाकण असतं. ते हट्टी असतं, नखं मोडतात, म्हणून बायका गोळ्या साध्या डबीत काढून पर्समध्ये टाकतात. मग ती मिंट आणि साधी मिंट यांत काहीच फरक उरत नाही. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचा खाऊ खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडच्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. झाकण अडत असेल तर चमच्याच्या दांड्याने कड दाबून सरकवा, पण गोळ्या मूळ डबीतच राहू द्या, आणि पर्स मुलांच्या हाताला लागेल अशी सोफ्यावर टाकू नका.