जुन्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर साफ करणारा डबा) बदलून घेतला, काम झकास पण एक घोळ

गाडी चढाला दमच धरेना, अॅक्सिलरेटर दाबला तरी नुसती घरघर, वर मागून सडक्या अंड्यासारखा वास आणि स्कॅनरवर पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड. या गॅरेजवाल्याने लगेच नवा पार्ट गळ्यात मारला नाही हे आवडलं, आधी कन्व्हर्टरच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) काढून त्या भोकात प्रेशर गेज लावला, बॅक प्रेशर (धूर अडल्याने मागे साठणारा दाब) भरपूर, म्हणजे कन्व्हर्टरच्या आतली जाळी चोंदलीय. नट इतके गंजलेले की आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवला तरी दोन तुटलेच, ग्राइंडरने कापावे लागले. काढलेला डबा हलवला तर खुळखुळा! आत सिरॅमिकचे तुकडे. मी म्हटलं नुसता पाइप टाका, तर साफ नाही म्हणाला, धुराच्या टेस्टला फेल जाईल. मिसफायर मारणारा, म्हणजे नीट ठिणगी न देणारा प्लगही आधी बदलला, नाहीतर न जळालेलं पेट्रोल नव्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्याचीही वाट लागते.

आता घोळ. मागच्या सेन्सरची वायर क्लिपमध्ये बसवलीच नाही, गरम पाइपाला टेकून वितळली, परत हेलपाटा. चूक मान्य करून फुकट बदलून दिली म्हणून चार स्टार, नाहीतर तीनच दिले असते.