पायरीप्रॉक्सिफेन ०.५ टक्के दाणे: काम चोख, पण मोजमाप हवं

डासांच्या अळ्यांवरचं हे औषध अळीला लगेच मारत नाही, कोषातून डास बाहेर पडू देत नाही. कीटकाला प्रौढ होण्यापासून रोखणारं संप्रेरक कीटकशास्त्रज्ञ विगल्सवर्थ यांनी १९३० च्या दशकात रोडनियस ढेकणांवरच्या प्रयोगांत उलगडलं. हे दाणे त्याचीच नक्कल करतात. संशोधनाचा इतका थेट उपयोग क्वचितच होतो.

मात्रा अगदी कमी. घनमीटर पाण्याला २ ग्रॅम दाणे, म्हणजे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम मूळ औषध. २०० लिटरच्या पिंपाला फक्त ०.४ ग्रॅम, त्यामुळे स्वयंपाकघरातला वजनकाटा निरुपयोगी.

अळ्या वळवळताना दिसल्या की लोक औषध फसलं समजून पुन्हा टाकतात. तसं करू नका. त्याच पाण्यासह काही कोष बरणीत घ्या, तोंडाला जाळी बांधा, ३ दिवस थांबा. डास उडाले नाहीत तर औषध लागू आहे. पाणी सतत उपसून भरलं जात असेल तर मात्र औषध विरळ होतं.

रेशीमशेतीच्या आसपास हे अजिबात नको: तुतीच्या पानांवर अंश गेला तर रेशीमकिड्यांचे कोष बिघडतात. उडत्या डासांसाठीही याच्यावर विसंबू नका.