रॉथको, पोलॉक आणि क्लाइनच्या फ्रेम: जळगावच्या हवेत आठ महिने

रॉथको, पोलॉक आणि क्लाइन हे अमूर्त चित्रं काढणारे अमेरिकन चित्रकार. तिघांच्या एकेका चित्राची छापील प्रत फ्रेम करून भिंतीवर टांगली. मार्च ते ऑक्टोबर. म्हणजे जळगावचा पूर्ण उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा. तीनपैकी दोन फ्रेमांचं खरं नुकसान मे महिन्यातल्या झळांपेक्षा कूलरने केलं.

सर्वांत वाईट अवस्था पोलॉकच्या 'ऑटम रिदम'ची (1950). कागदी प्रिंट काचेखाली होती, पण चारही कडांनी हार्डबोर्डला चिकटवलेली. कूलरच्या दमट हवेत कागद फुगला, पसरायला जागा मिळाली नाही, मग मधेच लाटा उठल्या. गोंदाने चिकटवलेली प्रिंट धड सुटतही नाही. म्हणून ऑर्डर देतानाच सांगावं: प्रिंट फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, ऍसिड-फ्री कागदी टेपने टांगा, काच आणि प्रिंटमध्ये माउंट (कडेची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, नाहीतर शाई काचेला धरते.

या चित्राच्या मापातही फसगत होते. मूळ चित्र सुमारे 267 × 526 सेंमी, म्हणजे रुंदी उंचीच्या जवळपास दुप्पट. 24 × 36 इंच घेतलं तर रुंदीचा जवळजवळ चौथा भाग छाटला जातो. 18 × 36 मागावं. तरीही मूळची सेंटिमीटरभर रेघ इथे पावणेदोन मिलिमीटरची होते. पोलॉक छोट्या आकारात घेऊच नये असं स्पष्ट मत आहे.

रॉथकोचं 'ऑरेंज, रेड, यलो' (1961) मॅट कॅनव्हासवर, बिनकाचेचं. हा निर्णय योग्य ठरला, कारण काचेत समोरची खिडकी दिसली की रंगाची खोली गेलीच. कॅनव्हास मात्र जूनपर्यंत सैल पडला. मागच्या चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचर असेल तर प्रत्येक पाचर हलक्या हाताने सारखी ठोकून ताण परत येतो. नुसत्या स्टेपल मारलेल्या पक्क्या चौकटीत ही सोय नसते, कॅनव्हास सोडवून पुन्हा ताणावा लागतो. शाई पिगमेंटचीच (रंगकणांची) घ्या आणि पश्चिमेच्या उन्हात टांगू नका. हार्वर्डमध्ये 1964 साली लावलेल्या रॉथकोच्या मूळ भित्तिचित्रांतला लाल रंगसुद्धा खिडक्यांच्या उजेडाने उडाला होता.

क्लाइनचं काळं-पांढरं 'माहोनिंग' (1956) उत्तम टिकलं. मूळचं प्रमाण साधारण 4:5, त्यामुळे 24 × 30 इंचात काही छाटलं जात नाही. पांढरा एकसारखा शुभ्र आला असेल तर प्रिंट परत करा. मुळातला पांढरा कुठे मळकट, कुठे पिवळसर आहे.

पाठीमागची फट ब्राउन टेपने पूर्ण बंद करावी, नाहीतर वावटळीची धूळ काचेच्या आत जाते. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे तुकडे लावून भिंतीपासून 4-5 मिमी अंतर ठेवलं की पावसाळ्यात मागे ओल साठत नाही. 24 × 36 इंचाची 3 मिमी काच एकटीच चार किलोंच्या वर जाते. धाब्याच्या घरात मातीच्या गिलाव्यात खिळा तेवढं पेलत नाही. लाकडी तुळईला तार बांधून टांगावं.