आठ महिने वापरलेला टेक्स्ट एडिटर: देवनागरीला उत्तम, फाइल टाइप बदलताना मात्र जपून

मी मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचं काम करते. दिवसभर समोर गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या पीओ फाइली: वर मूळ इंग्रजी ओळ, खाली अवतरणचिन्हांत आपण भरायची मराठी. आठ महिने हे सगळं एकाच एडिटरमध्ये केलं. त्यातला एक बग, म्हणजे दोष, बनवणाऱ्यांना कळवला आहे, दुरुस्ती येईपर्यंत एडिटरचं नाव घेत नाही.

देवनागरी सांभाळण्यात याचा हात धरणारा दुसरा मला सापडला नाही. 'क्षि' घ्या. दिसायला एक अक्षर, पण आत क, हलन्त, ष आणि पहिली वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत 12 बाइट. इथे बॅकस्पेस दाबला की फक्त वेलांटी जाते, 'क्ष' जागच्या जागी राहतो. कर्सर जोडाक्षराच्या पोटात अडकत नाही. दिवसभर टाइप करणाऱ्याला याची किंमत कळते.

आता दुखणं. फाइलीचा प्रकार, म्हणजे टाइप, पाहून एडिटर तिच्यातला मजकूर वेगवेगळ्या रंगांत दाखवतो. पीओ हा प्रकार याच्या यादीत नाही, तो आपण जोडायचा. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी मी सेटिंग उघडली, एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलीच्या नावाचं शेपूट, लिहिलं, 'लागू करा' दाबलं. खिडकी पांढरी झाली आणि एडिटर बंद. सेव्ह न केलेल्या 40 ओळी गेल्या. त्यातली काही वाक्यं अर्धा अर्धा तास घासून बसवली होती. पुन्हा लिहिली, पण तशी जमली नाहीत. फार वाईट वाटलं.

त्यात परत सुरू करायला गेले तर एडिटर उघडेचना. सेटिंगची फाइल दुसरीकडे उघडून पाहिली, तर शेवटची ओळ अवतरणचिन्हाच्या मधेच तुटलेली. लिहिता लिहिताच एडिटर बंद पडला होता. त्या फाइलचं नाव बदललं, एडिटरने नवी कोरी तयार केली आणि तो सुरू झाला. माझे शॉर्टकट मात्र सगळे पुन्हा लावावे लागले.

नंतर सवड काढून तपासलं. काहीच उघडं नसताना टाइप बदलला, काही झालं नाही. छोटी फाइल उघडी ठेवली, तरीही ठीक. 9,000 ओळींची उघडी ठेवली की दर वेळी बंद. टाइप बदलला की एडिटर उघडी फाइल पहिल्या ओळीपासून नव्याने रंगवायला घेतो, तिथेच तो कोलमडत असावा. चौथ्या महिन्यातल्या अपडेटनेही फरक पडला नाही.

तेव्हापासून आधी सगळ्या फाइली सेव्ह करून बंद करते, मगच ती सेटिंग उघडते. पाच महिन्यांत एकदाही त्रास नाही. नव्याने घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी, काहीही न उघडता, आपले फाइल टाइप लावून टाकावेत.

बनवणाऱ्यांकडे दोनच गोष्टी मागितल्या आहेत. रंगवायला घेण्याआधी उघड्या फाइलींची प्रत ठेवा. आणि सेटिंग आधी वेगळ्या फाइलीत पूर्ण लिहा, मग जुनीच्या जागी आणा.